भरतीच्या घड्याळावर चालणारे गाव: कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळासाठी मच्छीमार वस्ती कशी रचावी

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. मुंबईत तो खेळणाऱ्या बहुतेक गटांची मोहीम, म्हणजे अनेक सत्रांत चालणारी सलग गोष्ट, कधी ना कधी समुद्रकिनारी येऊन पोहोचते. अशा वेळी सूत्रधार, म्हणजे जग रचणारा आणि खेळाडूंच्या पात्रांखेरीज उरलेल्या सर्वांच्या वतीने बोलणारा माणूस, जे गाव मांडतो ते बहुधा एकाच साच्यातले असते: धक्क्यावरची एक खानावळ, एक दीपगृह, चार होड्या आणि पाण्याखाली दडलेला एक राक्षस. माझे पहिले किनारी गावही असेच होते. खेळाडूंनी खानावळीत मुक्काम केला, राक्षसाचा ठावठिकाणा विचारला, त्याला मारले आणि पुढच्या शहराची वाट धरली. दोन सत्रांनंतर त्या गावाचे नावसुद्धा कोणाला आठवेना. त्या गावात मासे होते, पण मासेमारी नव्हती. माणसे कधी उठतात, कशाची वाट पाहतात, कोणाला पैसे देणे लागतात, यांपैकी काहीच मी ठरवले नव्हते.

पुढे वरळी, वेसावे आणि माहीम येथील कोळीवाड्यांत वारंवार हिंडताना एक गोष्ट पक्की कळली. मच्छीमार गाव भरतीपासून रचायला घ्यावे; नकाशा, माणसे, भांडणे आणि भुते त्यामागून येतात. या लेखात तोच क्रम पाळला आहे. उदाहरणासाठी ‘तिवरदांडा’ नावाचे एक काल्पनिक गाव घेतले आहे. नियमसंच कोणताही असला तरी चालेल. हाताशी वीस बाजूंचा एक फासा, कागद आणि एक मणी असला म्हणजे पुरे.

पहिली पायरी: पाण्याचे वेळापत्रक

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना यासाठी कोणतेही कोष्टक पाहावे लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते; अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि पाण्याची चढउतार मंदावते. पावसाळ्यातील मोठ्या उधाणात मुंबईत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणजे एका मजल्याहून अधिक.

सूत्रधाराच्या दृष्टीने हा हिशेब अतिशय सोयीचा आहे, कारण तो तोंडी करता येतो. एका कागदावर पंधरा घरे आखावीत, प्रत्येकात तिथी आणि तिच्या पाऊणपटीची वेळ लिहावी, आणि खेळातला प्रत्येक दिवस संपला की मणी एक घर पुढे सरकवावा. हा कागद खेळाडूंना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवावा. पात्रे ज्या गावात आली आहेत तिथल्या लहान मुलालाही भरतीची वेळ ठाऊक असते. ती खेळाडूंपासून लपवून ठेवण्यात काही हशील नाही.

त्यानंतर गावातील अशा तीन जागा ठरवाव्यात, ज्या पाण्याबरोबर बदलतात. तिवरदांड्यात पहिली जागा म्हणजे समुद्रातल्या खडकावरच्या पडक्या बुरुजाकडे जाणारी दगडी वाट. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ती उघडी असते. दुसरी जागा खाडीच्या मुखावरचा वाळूचा बांध, जिथे ओहोटीत मोठी गलबते रुततात पण लहान होड्या निघून जातात. तिसरी जागा गावामागचे खाजण. तिवरांच्या मुळांमधला तिथला चिखल कधी गुडघाभर असतो, तर कधी छातीभर पाण्याखाली जातो.

आता हे टेबलावर कसे चालते ते पाहू. मोहीम पंचमीला सुरू झाली असे धरू. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती. त्यामुळे सकाळची ओहोटी साडेनऊच्या आसपास आणि रात्रीची दहाच्या आसपास. बुरुजावर जाऊन परत यायचे असेल, तर पात्रांना साडेसातनंतर निघून साडेअकराच्या आत परतले पाहिजे. सकाळी बाजारात माहिती काढण्यात त्यांनी वेळ घालवला, तर पुढची संधी थेट रात्री, अंधारात. सूत्रधाराला कोणावरही सक्ती करावी लागत नाही, कोणताही पहारेकरी उभा करावा लागत नाही. पाणी स्वतःच दार उघडते आणि बंद करते. पहिल्यांदा हा कागद वापरला तेव्हा माझ्या गटातील एक खेळाडू, जिला लढाईखेरीज कशातच रस नसे, ती स्वतःहून पुढच्या चार दिवसांच्या ओहोट्या मोजून योजना आखू लागली.

दुसरी पायरी: होडीतून पाहिलेला नकाशा

गावाचा नकाशा नेहमी जमिनीकडून समुद्राकडे काढला जातो, आणि तिथेच चूक होते. मच्छीमार गावाला आपले गाव समुद्रातून दिसते. होडीवर बसलेल्या माणसाला कोणत्या खुणा दिसतील हे आधी ठरवावे: टेकडीवरचे देऊळ, त्याचा कळस, बंदराजवळचा एकटा माड, पडका बुरुज. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण अमुक ओळीवर आहोत हे तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, कळते, आणि बाजूच्या आणखी दोन खुणांवरून नेमकी जागा सापडते. पाण्याखाली खडक कुठे आहे आणि आपले जाळे कुठे बांधले आहे, हे ज्ञान अशा खुणांमध्येच साठवलेले असते.

यातून मला आतापर्यंतचे सर्वांत चांगले कथानक मिळाले. तिवरदांड्यात एका रात्री कोणीतरी बंदरावरचा एकटा माड तोडतो. परक्या माणसाला वाटेल, एक झाड गेले. गावात मात्र हाहाकार होतो, कारण सात घराण्यांच्या जाळ्यांची ओळ त्या माडावरून लागत होती. हे नुकसान कोणाला हवे होते, या प्रश्नाचा माग काढताना खेळाडू संपूर्ण गाव पालथे घालतात.

नकाशावरील बाकीच्या जागा फार विस्ताराने मांडायची गरज नाही. बंदर, लिलावाचा ओटा, मासळी वाळवण्याचे मोकळे मैदान, दाटीची वस्ती आणि तिच्यातील अरुंद गल्ल्या, विहीर, देऊळ, खाजण आणि थोडे आत मिठागर, एवढे पुरते. गोड्या पाण्याची विहीर विसरू नये. खाऱ्या किनाऱ्यावर तिच्याइतकी मोलाची जागा दुसरी नाही. वरळीचा किल्ला कोळीवाड्याला अगदी लागून आहे, माहीमचा किल्लाही खाडीच्या तोंडावर. तेव्हा गावाच्या टोकाला एखादी जुनी लष्करी वास्तू ठेवली तर ती उपरी वाटणार नाही.

तिसरी पायरी: पोट कशावर चालते

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक जण हीच गाळतात. गावाने एक मुख्य जाळे आणि एक मुख्य मासळी ठरवावी. तिवरदांड्यासाठी मी मुंबईच्या किनाऱ्यावरची डोल निवडली. डोल हे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे, पिशवीसारखे जाळे असते. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, आणि खुंट रोवण्याच्या त्या जागेला कव म्हणतात. जाळे जागेवर असते आणि वाहते ते पाणी. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करदी, मांदेली आत शिरतात आणि शेपटाकडे जमा होतात. प्रवाह उलटण्याच्या सुमारास पाणी थबकते, आणि त्या थोड्या वेळात जाळे ओढून घ्यावे लागते. म्हणून खलाशी सूर्य पाहून निघत नाहीत, पाणी पाहून निघतात. मध्यरात्री गावात हालचाल दिसली तर ती चोरांची नसून जाळ्यावर निघालेल्यांची असते. पहिल्याच रात्री खेळाडूंची अशी गफलत होऊ दिली, तर गावाची ओळख आपोआप होते.

प्रवाहाच्या जोरावर डोल चालते, त्यामुळे उधाणात मासळी अधिक आणि भांगात कमी. खेळात याची नोंद अशी ठेवता येते: दर खेपेला वीस बाजूंचा फासा टाकावा, उधाणाच्या दिवसांत दोन मिळवावेत, भांगात दोन वजा करावेत. हाती एक किंवा त्याहून कमी आले तर जाळे फाटले किंवा खुंट उखडला. दोन ते सात आले तर खर्चही निघाला नाही. आठ ते पंधरा आले तर रोजची मिळकत. सोळा ते एकोणीस आले तर गावात आनंद. वीस किंवा अधिक आले तर एखादी घोळ, जिच्या पोटातील बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशी बाजारात मोठी किंमत येते. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातील एका बोटीला घोळ माशांचा मोठा थवा सापडला आणि त्याचे एक कोटी रुपयांहून अधिक आले. एका रात्रीत श्रीमंत झालेले एक घर लहान गावात असेल, तर कर्जदार, मागणी घालणारे, दृष्ट लागेल म्हणून धास्तावलेले आणि हेवा करणारे असे सगळेच त्याच्या दाराशी जमतात. यासाठी वेगळा खलनायक लागत नाही.

मासळी किनाऱ्यावर आली की पुढचा कारभार स्त्रियांच्या हाती जातो, आणि हे खेळात ठळकपणे दिसलेच पाहिजे. लिलावाची बोली, उधारी, बाजारातली विक्री आणि रोकड त्या सांभाळतात. कोणाची जाळी किती दिवस रिकामी येत आहेत, कोणता व्यापारी अचानक चढा भाव देऊ लागला आहे, कोणाचा मुलगा कामावर आला नाही, हे सारे मासळीच्या टोपलीपाशी बसलेल्या बाईला ठाऊक असते. माहिती हवी असलेल्या पात्रांनी खानावळीत जाऊ नये, बाजारात जाऊन मासळी विकत घ्यावी. माझ्या टेबलावर नियम असा आहे की आधी खरेदी, मग प्रश्न. घासाघीस केली तर एक उत्तर कमी मिळते.

वाळवणही डोळ्यांसमोर उभे करावे. बोंबलात पाण्याचा अंश फार, त्यामुळे तो ताजा फार काळ टिकत नाही. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या उभ्या चौकटीवर, टांगायची. अशा शेकडो जोड्या वाऱ्यावर हलत राहतात. खेळाडूंना हे वर्णन एकदा सावकाश ऐकवावे. पुढे कधी वलांड्यांवरील सर्व बोंबलांची तोंडे एकाच बाजूला वळलेली दिसली, तर काय बिघडले आहे ते त्यांना सांगावे लागणार नाही.

इथेच जादूचा प्रश्न सोडवून टाकावा. कल्पनारम्य जगात अन्न टिकवण्याचा मंत्र स्वस्त असेल, तर सुकी मासळी कोण घेईल? पाण्याखाली श्वास घेता येत असेल, तर कव राखणे कसे जमेल? दोनच वाटा आहेत: असे मंत्र इतके दुर्मीळ ठेवावेत की गावापर्यंत पोहोचूच नयेत, किंवा ते पोहोचल्याने गावाचे काय झाले तेच कथानक करावे. तिवरदांड्यात एका व्यापाऱ्याने मासळी ताजी ठेवणारी मंत्रसिद्ध पेटी आणली आहे. ताज्या मासळीला भाव आला, वलांड्या ओस पडू लागल्या आणि वाळवणावर जगणाऱ्या विधवांच्या हातचे काम गेले. पेटी चोरीला गेल्यावर पात्रांनी ती शोधून परत द्यावी की नाही, यावर माझ्या गटात दीड तास चर्चा झाली.

चौथी पायरी: माणसे आणि त्यांची एकमेकांकडे असलेली देणी

वीस माणसे लिहून ठेवण्यापेक्षा पाच माणसे आणि त्यांच्यातील देणी लिहावीत. होडी आणि जाळे ज्याच्या मालकीचे तो नाखवा, पाण्यावर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल, हाताखाली खलाशी, किनाऱ्यावर लिलाव पुकारणारी बाई, गावाचा न्यायनिवाडा करणारा पाटील. खेळापुरती सोपी वाटणी ठेवावी: मिळकतीचे दहा वाटे, त्यांपैकी चार होडी-जाळ्याचे, दोन तांडेलाचे, तीन खलाशांचे आणि एक देवळाचा. मग विचारावे की या हंगामात कोणाचा वाटा कमी पडला आणि का. नाखव्याने होडीसाठी व्यापाऱ्याकडून कर्ज घेतले आहे, म्हणून मासळी त्यालाच पडेल भावात द्यावी लागते. तांडेलाला ते मान्य नाही. तांडेलाची बहीण लिलाव पुकारते. तीन वाक्यांत गाव उभे राहते.

बोलण्याची ढबही याच नात्यांतून येते. पात्रे गावात शिरल्यावर वयस्क बाईला ‘मावशी’ आणि होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात की नाव घेऊन हाक मारतात, यावर पहिल्या भेटीचा रंग ठरवावा. कोळी बोलीची नक्कल मात्र करू नये. ‘म्हावरं’, ‘दर्या’ असे दोन-तीन शब्द जागेवर पडले तर गोड लागतात; संपूर्ण संवाद ओढूनताणून त्या बोलीत केला तर तो त्या माणसांचा अवमान होतो.

पाचवी पायरी: संघर्ष

किनाऱ्यावरचे खरे संघर्ष कल्पनेतल्या चाच्यांपेक्षा कितीतरी खोल असतात. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा वरळीजवळचा पूल बांधताना दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवायचे ठरले होते. खवळलेल्या पाण्यात होड्या खांबांवर आदळतील म्हणून वरळीच्या मच्छीमारांनी विरोध केला, २०० मीटर अंतराची मागणी लावून धरली आणि अखेरीस ते १२० मीटर करण्याचे ठरले. या वादात कोणी राक्षस नव्हता. एका बाजूला शहराचा रस्ता होता आणि दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. आपल्या खेळात राजाला खाडीच्या मुखावर पूल हवा असेल आणि पात्रांनाच त्याच्या राखणीचे काम मिळाले असेल, तर त्यांना दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील. शेजारच्या गावाशी कवेच्या हक्कावरून असलेले वैरही असेच उपयोगी पडते.

याला ऋतूची जोड द्यावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही तो काळ असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा होड्या सोडण्याची परंपरा आहे. तिवरदांड्यात या दोन महिन्यांत पाणी माणसांचे नसते, खालच्यांचे असते, असा करार आहे. कर्जाने पिचलेली एकच होडी त्या काळात बाहेर गेली. ती परतली, मासळीने भरलेली आणि रिकामी: खलाशी एकही नव्हता.

सहावी पायरी: अद्भुत एकच, पण कामाशी बांधलेले

एका गावाला एकच अद्भुत गोष्ट पुरते, आणि ती गावाच्या रोजच्या कामातूनच उगवलेली असावी. मुंबईची एक आख्यायिका याचा उत्तम नमुना आहे. अठराव्या शतकात वरळीची खिंड बुजवण्यासाठी हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालत असताना तो पुन्हा पुन्हा ढासळत होता. पुढे स्वप्नातील दृष्टान्तानुसार समुद्रातून देवीच्या मूर्ती बाहेर काढल्या, त्यांची स्थापना झाली आणि बांध टिकला, असे महालक्ष्मीच्या देवळाविषयी सांगतात. बांधकाम, समुद्र आणि देवता येथे एकाच धाग्यात ओवलेली आहेत.

मात्र एकवीरा, मुंबादेवी किंवा गोलफादेवी यांना आपल्या खेळात आणू नये. त्या आज लाखो लोकांच्या श्रद्धास्थानी आहेत, आणि त्यांना फाशांच्या दानांवर हरवण्याजोगे शत्रू बनवणे मला अजिबात पटत नाही. देवता स्वतः रचावी, तिचा स्वभावही आपल्याच गावातून घ्यावा. तिवरदांड्याची देवी वाटणीची देवता आहे: दहावा वाटा पोहोचला की ती प्रसन्न, आणि कोणी खोटा वाटा लावला की त्या घराच्या जाळ्याची गाठ सुटते.

सातवी पायरी: पहिले सत्र

चार तासांच्या पहिल्या सत्रासाठी एवढी तयारी पुरते. सुरुवात लिलावाच्या ओट्यावर करावी. मासळी कमी आली आहे, व्यापारी भाव पाडतो आहे, आणि टोपलीतील एका सुरमईच्या पोटात माणसाची अंगठी सापडते. अंगठी कोणाची हे बायकांना लगेच कळते. ती परवा न परतलेल्या खलाशाची आहे. कागदावर मणी पंचमीच्या घरात आहे. बुरुजाची वाट साडेअकराला बुडणार आहे. त्या खलाशाला शेवटचे बुरुजाजवळ पाहिले होते, असे एक मुलगा सांगतो, आणि ओट्यावर उन्हाची तिरीप कुठवर आली आहे ते पाहून सूत्रधार दहा वाजल्याचे जाहीर करतो. आता निर्णय खेळाडूंचा. मधल्या भागात बुरुजातील शोध, शेवटी पाणी चढत असतानाची परतीची धाव किंवा वर अडकून काढलेला दिवस. दोन्ही शक्यतांसाठी अर्धे अर्धे पान टिपण ठेवावे.

सत्रापूर्वी जमल्यास एकदा पहाटे ससून डॉकला जावे. १८७५ साली सुरू झालेल्या या गोदीत लिलाव कसा चालतो, बर्फाच्या गाड्या कशा वाट काढतात, कोण कोणाला कशी हाक मारते, हे तासाभरात जितके समजते तितके कोणत्याही नियमपुस्तकात नाही. कामाच्या वाटेत उभे राहू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, आणि निघताना थोडी मासळी विकत घ्यावी.

सत्र संपल्यावर तीन नोंदी कराव्यात: मणी कोणत्या तिथीवर थांबला, जाळ्यात काय आले आणि कोणाचे देणे वाढले. पुढच्या वेळी खेळाडू टेबलाशी बसतील तेव्हा सूत्रधाराने त्यांना पाण्याची वेळ वाचून दाखवावी आणि मग त्यांच्याकडे पाहून थांबावे.